आधी तापलं की आधी दमलं?

गळीत हंगाम सुरू झाला की कुंडलच्या रस्त्यांवर रात्रंदिवस उसाचंच राज्य असतं. क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखान्याच्या काट्याकडे डबल ट्रॉल्या निघालेल्या असतात, आणि त्यांत नव्याकोऱ्या ट्रॅक्टरांच्या जोडीने दोन-तीन मालकांच्या हातून फिरून आलेले सेकंडहँड ट्रॅक्टरही असतात. अशा जुन्या ट्रॅक्टरबद्दल दोन तक्रारी बहुधा एकत्रच कानावर येतात : गाडी तापते, आणि गाडी रेस घेत नाही. मोकळी असताना ती गुमान चालते. ट्रॉल्या भरल्या आणि चढ लागला की इंजिनाचा आवाज जड होतो, फेरे पडतात, काटा लाल पट्ट्यात शिरतो आणि रेडिएटर पाणी फेकायला लागतो. यावरचा निकालही ठरलेला असतो. इंजिन संपलं, लायनर-पिस्टन घाला, हेडचं काम करा, नाहीतर गिऱ्हाईक बघून विकून टाका. या निकालापायी मोठा खर्च होतो, आणि अनेकदा काम झाल्यावरही गाडी पुन्हा त्याच चढाला तशीच उकळते. याचं कारण असं, की तापणं आणि दमणं या तक्रारी एकमेकींना जन्म देतात. दोन्ही एकत्र दिसल्या म्हणजे दोन्ही एकाच वेळी सुरू झाल्या असं होत नाही. त्यांतली पहिली कोणती, हे ठरवल्याशिवाय इंजिनाचा एकही बोल्ट सैल करू नये. आणि हे ठरवणं वाटतं त्यापेक्षा खूप सोपं आहे.

आधी उष्णतेचा जमाखर्च पाहू. डिझेल जाळून जी ऊर्जा मिळते तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला सगळा पाणी, तेल आणि इंजिनाचं अंग यांच्या वाट्याला येतो. ५० हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर पूर्ण ताकदीने ओढत असेल तर त्याच्या पाण्याला ३० किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकावी लागते. घरातला एक गिझर दोन किलोवॅटचा धरला तर असे पंधरा गिझर एकाच वेळी चालू आहेत, आणि ती सगळी उष्णता बोनेटखालच्या एका जाळीतून वाऱ्यावर सोडायची आहे. हे काम अखंड चालतं म्हणून आपल्या लक्षात येत नाही. ट्रॅक्टरची अडचण अशी, की तो हळू चालतो. मोटारीला पळताना समोरचा वारा फुकट मिळतो. उसाच्या ट्रॉल्या ओढत ताशी आठ किलोमीटरने चढणाऱ्या ट्रॅक्टरला तो मिळत नाही. त्याचा सगळा वारा पंखाच आणतो, आणि पंखा फिरतो इंजिनाच्या फेऱ्यांवर. पाण्याचा पंपही पंख्याच्याच पट्ट्यावर असतो. म्हणजे गार ठेवण्याची सगळी व्यवस्था रेसवर अवलंबून आहे.

पंपाचं गणित कुंडलच्या परिसराला नव्याने सांगायला नको. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून आपला कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. त्याच माळाची किर्लोस्करवाडी झाली. नांगर आणि उसाचे चरक यांच्यापाठोपाठ तिथे पाण्याचे पंप तयार होऊ लागले आणि पुढे देशभर गेले. ट्रॅक्टरमध्ये पाणी फिरवणारा छोटा पंप हा त्याच कुळातला, पंख्याच्या पात्यांनी पाणी बाहेर भिरकावणारा. त्याचे नियम पक्के आहेत : फेरे जितक्या पटीने कमी होतात तितक्या पटीने पाणी कमी होतं, आणि दाब मात्र त्या पटीच्या वर्गाने पडतो. २,००० फेऱ्यांचं इंजिन चढाला १,४०० वर आलं तर फिरणारं पाणी ७० टक्क्यांवर येतं आणि पंपाचा दाब जवळजवळ निम्मा होतो. पंख्याचा वाराही ७० टक्केच उरतो. विहिरीवर ऑइल इंजिन चालवलेल्या जुन्या माणसांना हे तोंडपाठ असतं. इंजिनाची रेस थोडी उतरवली की पाईपच्या तोंडाची धार कशी मरते ते त्यांनी पाहिलेलं असतं.

इथे एक रास्त शंका येते. फेरे कमी झाले तर डिझेलही कमी जळणार, म्हणजे उष्णताही कमी तयार होणार. मग हिशेब बरोबरीत सुटायला हवा. तो सुटत नाही, आणि त्यात गव्हर्नरचा हात असतो. ओझ्याखाली फेरे पडू लागले की गव्हर्नर डिझेल पंपाला सांगतो, दर फेऱ्याला आणखी डिझेल दे. म्हणजे दमलेलं इंजिन प्रत्येक धक्क्याला जास्तीत जास्त डिझेल पीत असतं. शिवाय प्रत्येक धक्का आता सावकाश होतो, त्यामुळे जळत्या वायूला सिलिंडरच्या भिंतींशी जास्त वेळ मिळतो आणि उष्णतेचा मोठा हिस्सा पाण्यात उतरतो. दाब कमी झालेलं पाणी हेडमधल्या अरुंद वाटांत रेंगाळतं, तिथे वाफेचे बुडबुडे धरतात, आणि बुडबुड्याखालचं लोखंड पाण्याला उष्णता देऊच शकत नाही. म्हणून उष्णता घटते त्याहून ती वाहून नेण्याची ताकद जास्त घटते. उलट बाजूनेही हेच चक्र फिरतं. आधी पाणी तापलं, तर आत ओढली जाणारी हवा तापून विरळ होते, तेल पातळ होतं, पिस्टन फुगून लायनरला घासू लागतो आणि इंजिन दमतं. चक्र पूर्ण फिरल्यावर पाहणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. म्हणून ते सुरू कुठून झालं, ते सुरुवातीच्या पाच-दहा मिनिटांतच बघावं लागतं.

त्यासाठी हवेत फेरे मोजायचं यंत्र आणि लांबून तापमान दाखवणारी लेझर बंदूक. ट्रॅक्टरचं मूळ मीटर चालू असेल आणि त्याच्यावर विश्वास असेल तर पहिल्याचीही गरज नाही. पण सेकंडहँड गाडीत मीटरची केबल तुटलेली असणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे, की चालू मीटर दिसलं तर आश्चर्य वाटावं. दोन्ही वस्तू मिळून होणारा खर्च एका हेड पॅकिंगच्या कामापेक्षा कमी. सकाळी गार इंजिन सुरू करावं, नेहमीचं भरलेलं ओझं लावावं आणि नेहमीच्या चढाला नेहमीच्या गिअरमध्ये घ्यावं. पाणी अजून साठ-सत्तर अंशांवर असतानाच फेरे पडले, तर गाडी आधी दमते आहे. रेडिएटरकडे वळू नये, शोध डिझेल, हवा, टायमिंग आणि ओझं यांत घ्यावा. उलट फेरे धरून आहेत, ओढ चांगली आहे आणि काटा मात्र चढत चालला आहे, तर गाडी आधी तापते आहे. शोध पाणी आणि वारा यांत. गरम झालेल्या इंजिनावर ही चाचणी करण्यात अर्थ नाही, कारण तोवर चक्र फिरून गेलेलं असतं. विकणारा जेव्हा गाडी आधीच चालू करून, गरम करून दाखवायला आणतो, तेव्हा तो नेमकी हीच माहिती आपल्यापासून काढून घेत असतो. त्याच्या मनात तसं नसेलही, पण परिणाम तोच.

दमण्याच्या बाजूला पहिली तपासणी तर ओझ्याविना करायची. न्यूट्रलमध्ये रेसची दांडी पूर्ण खाली घ्यावी आणि फेरे मोजून त्या मॉडेलच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावेत. मोकळ्या इंजिनालाच ते फेरे येत नसतील, तर दांडीपासून पंपापर्यंतची जोडणी झिजली आहे, पेडल शेवटपर्यंत पोचत नाही किंवा गव्हर्नरची स्प्रिंग ढिली आहे. जोडणीचा दोष असेल तर तो एका पान्याने सुटतो. ज्या इंजिनाला पूर्ण रेस कधी मिळालीच नाही त्याचे लायनर बदलून काय होणार? मोकळे फेरे बरोबर आले आणि ओझ्याखालीच पडले, तर मग पुढे जावं. आणि इथे तापमान फार मोलाची साक्ष देतं. डिझेल कमी पोचत असेल, म्हणजे फिल्टर चोंदला आहे, टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक बुजलं आहे, नळीतून हवा ओढली जाते आहे किंवा कॅनमधून ओतताना पाणी आत गेलं आहे, तर इंजिन दमतं. पण कमी डिझेल म्हणजे कमी उष्णता, त्यामुळे ते सहसा उकळत नाही आणि धूरही काळा येत नाही. टाकीचं झाकण सैल करून तोच चढ पुन्हा चढवला आणि गाडी ओढू लागली, तर दुरुस्ती तिथेच संपली. हवा कमी पडत असेल तर चित्र उलटं दिसतं. पाचटाच्या भुशाने आणि रानातल्या धुळीने एअर क्लीनर भरला, ऑइल बाथमधलं तेल चिखलासारखं घट्ट झालं, की डिझेल पुरेसं येतं पण नीट जळत नाही; काळा धूर निघतो, ओढ जाते आणि इंजिन तापतंही. टायमिंग मागे पडलं असेल तरी दोन्ही तक्रारी एकदम येतात. पंप दुरुस्तीला काढून परत बसवताना दाताची खूण चुकली की डिझेल उशिरा पेटतं. त्याचा जोर पिस्टनला न मिळता सायलेन्सर आणि पाणी यांना मिळतो. म्हणून सेकंडहँड गाडी घेताना डिझेल पंपाचं काम मागे कधी झालं होतं का, हे विचारलं पाहिजे.

पंपाबद्दल आणखी एक गोष्ट. पंपावरचं कंपनीचं सील तुटलेलं असलं, तर डिझेल वाढवण्याचा स्क्रू कुणीतरी फिरवला असण्याची शक्यता असते. ओढ वाढावी म्हणून हे करतात, आणि थोडी वाढतेही; म्हणून तर ही युक्ती टिकून आहे. पण सिलिंडरमध्ये येणारी हवा तेवढीच राहते. जास्तीचं डिझेल अर्धवट जळतं, काजळी धरतं आणि रेडिएटरच्या मापाबाहेरची उष्णता तयार करतं. अशा गाडीचा रेडिएटर नवा घातला तरी ती तापतेच, आणि मग दोष नव्या रेडिएटरला जातो.

तापण्याच्या बाजूला लेझर बंदुकीने दोन जागा मोजायच्या : रेडिएटरची वरची टाकी, जिथे इंजिनातून गरम पाणी येतं, आणि खालची, जिथून गार झालेलं पाणी परत जातं. भरल्या ओझ्यावर दोहोंत साधारण सहा ते दहा अंशांचा फरक असावा. वरची खूप गरम आणि खालची तिच्याहून पंधरा-वीस अंशांनी कमी, असं दिसलं तर पाणी फार सावकाश फिरतं आहे. ते जाळीत जास्त वेळ थांबतं म्हणून जास्त गार होतं, पण इंजिनाकडे पुरेसं पोचत नाही. मग पट्टा ढिला आहे का, पंपाची पाती झिजली आहेत का, नळ्या आतून बुजल्या आहेत का, खालचा होज रेस वाढवताना आत चिमटला जातो का, हे पाहायचं. आणि वरची-खालची दोन्ही जवळजवळ सारखीच गरम असतील, तर पाणी नीट फिरतं आहे, वाराच ते गार करत नाही. हा फरक हाताने समजणार नाही. नव्वद आणि शंभर अंश हाताला सारखेच, कारण दोन्हींनी हात भाजतो. चकचकीत पितळेवर किंवा अॅल्युमिनियमवर बंदूक खोटं वाचते, म्हणून काळा रंग दिलेली किंवा मळकी जागा निवडावी.

वारा अडण्याची कारणं ऊस वाहतुकीत डोळ्यांसमोर असतात. पाचटाचे तुकडे, तुऱ्याचा कापूस, धूळ, आणि त्यांना चिकटवून ठेवणारं गळक्या सीलमधलं तेल, यांचा थर जाळीत बसतो. पुढून पाहिलं तर जाळी स्वच्छ वाटते. थर आत असतो. पाणी मारायचं ते पंख्याच्या बाजूने पुढे, म्हणजे कचरा ज्या वाटेने आत आला त्याच वाटेने बाहेर जातो. पुढून जोराने फवारा मारला की तोच कचरा आणखी आत ठासला जातो आणि पातळ पत्र्याच्या पट्ट्या आडव्या होतात. जुन्या गाड्यांत आणखी एक भाग बेपत्ता असतो : पंख्याभोवतीचं पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं कडं. कधीतरी पट्टा बदलताना ते काढलं जातं आणि परत बसवायचा कंटाळा केला जातो. कडं नसलं की पंखा जाळीतून वारा ओढण्याऐवजी कडेचीच गरम हवा पुन्हापुन्हा घुसळत राहतो. भंगारातून मिळणाऱ्या या एका तुकड्याने पुष्कळ ट्रॅक्टर थंड होतील.

पाण्याचा प्रश्न मात्र डोळ्यांना दिसत नाही. विहिरीचं किंवा बोअरचं क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं घातलं जातं. ते उडतं, क्षार मागे राहतात आणि लायनरच्या पाण्याकडच्या बाजूला पांढरा थर चढतो. हा थर उष्णतेला फार अडवतो. एक मिलिमीटर क्षार म्हणजे उष्णतेच्या दृष्टीने बिडाची भिंत दोन-अडीच सेंटिमीटरने जाड करण्यासारखं आहे. यावर कूलंट घाला म्हटलं की उत्तर येतं, ‘पाण्याइतकी उष्णता दुसरं काही नेत नाही.’ हे खरं आहे. सारख्याच लिटरांत कूलंट मिसळलेलं पाणी नुसत्या पाण्यापेक्षा थोडी कमीच उष्णता वाहतं. पण कूलंट गंज आणि क्षार धरू देत नाही आणि उकळण्याचा बिंदू वर नेतं. त्याची किंमत जड वाटत असेल तर निदान शुद्ध केलेलं पाणी घालावं. रेडिएटरचं झाकणही असंच दुर्लक्षित. त्याची स्प्रिंग आत अर्धा बार दाब धरून ठेवते, तेव्हा पाणी १०० ऐवजी १११ अंशांच्या आसपास उकळतं. रबर चिरलेलं झाकण हा दाब सोडून देतं, आणि जी गाडी १०५ अंशांवर निमूट चालली असती ती पाणी फेकायला लागते.

आता थर्मोस्टॅट. गाडी तापायला लागली की गॅरेजमध्ये बहुधा पहिला बळी याचाच जातो. ‘काढून टाका, पाणी मोकळं फिरेल.’ आणि काढल्यावर गाडी काही दिवस बरी चालतेही, विशेषतः तो बंद अवस्थेत अडकला असेल तेव्हा. तेवढ्यापुरती ही सूचना खोटी नाही. पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरला वळसा घालून जाणारी आडवाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायमची उघडी राहते. काही पाणी जाळीकडे न जाताच परत इंजिनात शिरतं आणि ऐन ओझ्याला तापमान उलट वाढतं. हलक्या कामाला तेच इंजिन गरजेपेक्षा गार राहतं, डिझेल नीट जळत नाही आणि लायनर लवकर झिजतात. थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो पातेल्यातल्या पाण्यात टांगून गॅसवर तापवावा. त्याच्यावर छापलेल्या अंशांना, बहुधा ऐंशीच्या आसपास, तो उघडताना डोळ्यांना दिसतो. नाही उघडला तर नवा घालावा.

इतकं सगळं तपासून काही सापडलं नाही, तर ओझ्याकडे बघण्याची हिंमत पाहिजे. कृष्णाकाठची रानं सपाट, पण कडेगाव-खानापूरच्या बाजूचा माळ चढउताराचा. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून २० टन धरू. डांबरी सपाटीला हे ओझं पुढे ढकलायला साधारण ४०० किलोची ओढ पुरते. शंभर मीटरला पाच मीटर असा चढ लागला की त्यात नुसत्या चढाचे १,००० किलो वाढतात. म्हणजे ओढ साडेतीन पट झाली. चाकांपर्यंत ४० हॉर्सपॉवर पोचवणारा ट्रॅक्टर हा चढ ताशी पावणेआठ किलोमीटरच्या आसपास चढू शकतो, त्याहून जोरात नाही. सपाटीला चालतो तोच ताशी वीसचा गिअर चढालाही ठेवायचा तर चाकांवर शंभराहून जास्त हॉर्सपॉवर लागेल. इंजिन ते देऊ शकत नाही, म्हणून फेरे पडतात आणि वर सांगितलेलं चक्र सुरू होतं. चढाच्या पायथ्यालाच दोन गिअर खाली घेतले तर फेरे टिकतात, पंखा आणि पंप पूर्ण जोराने चालतात, आणि तीच गाडी तेच ओझं न उकळता वर नेते. चढाच्या मध्यावर गिअर बदलायला जाणं भरल्या डबल ट्रॉलीला धोक्याचं असतं, त्यामुळे ड्रायव्हर वरचाच गिअर दाबून नेतो. त्याची भीती खरी आहे, म्हणून तर निर्णय पायथ्याला घ्यायचा. ट्रॉलीचे किंवा ट्रॅक्टरचे ब्रेक धरून बसलेले नाहीत ना, हेही एकदा बंदुकीने पाहावं. चारपैकी एक हब बाकीच्यांहून तीस-चाळीस अंशांनी गरम असेल तर इंजिनाची बरीच ताकद ब्रेक तापवण्यात चालली आहे.

‘ऊन वाढलं म्हणून गाडी तापते’ हे मार्चमधलं नेहमीचं वाक्य आहे. त्यात अर्धं तथ्य आहे. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर ठरतं. डिसेंबरच्या रात्री हवा २० अंश आणि पाणी ९०, तर फरक ७०. मार्चच्या दुपारी हवा ३८, फरक ५२. रेडिएटरची ताकद पाव हिश्शाने गेली. पण गाडी बनवणाऱ्याने भारतीय उन्हाळा गृहीत धरूनच रेडिएटरला वाव ठेवलेला असतो. मार्चमध्ये उकळणाऱ्या गाडीत तो वाव कचऱ्याने, क्षाराने किंवा ढिल्या पट्ट्याने आधीच खाल्लेला असतो. ऊन फक्त ते उघडकीला आणतं. नोव्हेंबरात त्याच चढाला काटा कुठे होता हे लिहून ठेवलेलं असेल, तर मार्चमध्ये वाद घालायची गरज पडत नाही.

भोवतालची थंडी इंजिनाला आपोआप वाचवत नाही, याचा टोकाचा दाखला काश्मीरात मिळतो. गुलमर्गला पर्यटकांना बर्फावर फिरवणाऱ्या स्नोमोबिल असतात. अशा गाड्यांच्या अनेक प्रकारांत मोटारीसारखा रेडिएटर नसतो. पाणी गाडीच्या पोटाखालच्या पोकळ पत्र्यांतून फिरतं आणि खालचा रबरी पट्टा धावताना जो भुसभुशीत बर्फ वर उडवतो त्याने ते गार होतं. रस्ता दाबून कडक झाला, बर्फ उडेनासा झाला, की शून्याखालच्या हवेतही पाणी तापत जातं. म्हणून चालवणारे मुद्दाम मऊ बर्फात शिरतात किंवा बर्फ खरवडणारे काटे खाली सोडतात. जुन्या स्नोमोबिलीची दुसरी तक्रारही आपल्यासारखीच, फेरे मिळत नाहीत. गुलमर्गची उंची साडेसव्वीसशे मीटरच्या घरात आहे आणि तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा जवळपास पाव हिश्शाने विरळ असते, तेवढी ताकद साध्या इंजिनाची आपोआप जाते. शिवाय या गाड्यांत गिअर नसतात. पट्टा आणि वजनांवर चालणारा क्लच फेरे ठरवतो, आणि झिजलेला पट्टा किंवा चुकीची वजनं इंजिनाला वर येऊ देत नाहीत. तिथेही मेकॅनिकला पहिला प्रश्न हाच पडतो, की गाडी आधी तापली की आधी दमली. उत्तर बर्फाकडे बोट दाखवतं की क्लचकडे, त्यावर काम ठरतं.

या सगळ्याला गॅरेजमधून येणारा आक्षेप ठाऊक आहे. तीस वर्षं हातात पाना असलेल्या मिस्त्रीला आवाजावरून कळतं, त्याला बंदूक कशाला? त्याला कळतं, यात शंका नाही; टॅपेटचा खडखडाट आणि नोझलचा ठोका यांतला फरक कुठलंही स्वस्त यंत्र सांगणार नाही. पण आवाज येतो तो आत्ताच्या अवस्थेचा. आधी काय घडलं हे आवाजात नसतं, आणि गाडी गॅरेजला येते ती बिघडून झाल्यावर. चढावरची ती पहिली दहा मिनिटं मिस्त्रीने पाहिलेली नसतात, ड्रायव्हरने पाहिलेली असतात. म्हणून मोजण्याचं काम मालकाचं आणि ड्रायव्हरचं, अर्थ लावण्याचं मिस्त्रीचं. दुसरा आक्षेप वेळेचा : हंगामात खेपा सोडून मोजत कोण बसणार? पण ही चाचणी खेप चालू असतानाच होते. हेड उतरवायचं म्हटलं तर गाडी काही दिवस उभी राहते, आणि मागे ऊस तोडून बसलेली टोळी आणि वाळणारा ऊस यांचा हिशेब वेगळाच.

आणि कधीकधी इंजिन खरोखरच गेलेलं असतं. मग तेही स्पष्ट दिसतं. गार इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडून गाडी चालू केली आणि पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड पॅकिंग फुटलं आहे किंवा हेडला तडा आहे. जळता वायू थेट पाण्यात शिरतो आहे. तेलाची पट्टी दुधाळ निघाली, तर पाणी तेलात आलं. तेल भरायच्या तोंडातून धुराचे जोरदार झोत येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर संपले. अशा वेळी इंजिनाचं काम टाळण्यात शहाणपण नाही. पण या खुणा नसताना, नुसती गाडी तापते आणि दमते एवढ्यावर इंजिन खोलणं म्हणजे मूळ कारण बाहेर ठेवून परिणाम दुरुस्त करणं होय. चोंदलेल्या जाळीमुळे पॅकिंग फुटलं असेल, तर जाळी तशीच ठेवून घातलेलं नवं पॅकिंगही फुटेल.

रस्त्यात गाडी तापलीच, तर पाणी शिल्लक आहे तोवर ती ताबडतोब बंद करू नये. न्यूट्रलमध्ये मध्यम रेसवर चार-पाच मिनिटं चालू ठेवली की पंप आणि पंखा साचलेली उष्णता बाहेर काढतात. एकदम बंद केली तर थांबलेलं पाणी हेडमध्येच उकळतं. पाणी निघूनच गेलं असेल तर मात्र लगेच बंद करावी. झाकण गरम असताना उघडू नये, आणि तापलेल्या इंजिनात कॅनालचं गार पाणी ओतू नये, त्याने बिडाच्या हेडला तडा जातो. आणि सेकंडहँड ट्रॅक्टर घ्यायला जाणाऱ्याने विकणाऱ्याला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावं, की सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि एक भरलेली ट्रॉली जोडायला तयार ठेवा. यावर तो काय म्हणतो, ते ऐकूनच किमतीचं बोलणं सुरू करावं.